अळणी बिस्किटं

३ सप्टेंबर

ताई,

नमस्कार मागाहून, आधी बातमी. आपल्याला जोडीच्या टेबलावर जागा मिळाली! आज सकाळी अकराला खाद्यमहोत्सवाच्या कचेरीतल्या बाईंचा फोन आला. मी तेव्हा एका आजोबांच्या नाकावर नवी फ्रेम बसवत होतो. "तुमची आणि तुमच्या बहिणीची जोडी नक्की झाली," असं त्या म्हणाल्या. मी ते त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. आजोबांनी विचारलं, "लॉटरी लागली की काय?" म्हटलं, "त्याहून मोठं आहे, आजोबा. मान हलवू नका."

वीस वर्षांपूर्वी पेपरात या महोत्सवाचा फोटो आला होता, तो तू कात्रीने कापून मला पाठवला होतास. मागे लिहिलं होतंस, "एकदा जाऊ." ते कात्रण अजून दुकानाच्या काचेखाली आहे. लोकांना वाटतं जवळचं वाचायची चाचणी आहे.

आता हे टेबल म्हणजे काय ते ऐक. महोत्सव वीस ते अठ्ठावीस, नऊ दिवस. शेवटच्या रविवारी दुपारी एक लांब टेबल मांडतात आणि बारा जोड्या बसवतात. जोडीतला एक तरी निव्वळ हौशी हवा, तो मी. एकाने डोळ्यांवर पट्टी बांधून चाखायचं. दुसऱ्याने सगळं बघायचं, पण तोंड लावायचं नाही. मग दोघांनी आपसांत बोलून सांगायचं, ताटात काय काय आहे आणि कसं शिजवलंय. अशी सहा ताटं. अर्जात मी लिहिलं, चाखणार ताई, बघणार मी. तीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, एवढं तर मला जमेल. आणि जीभ म्हटली की तुझीच.

अर्जात एक गंमत होती. "चव घ्यायला कोणी शिकवलं?" असा रकाना होता. मी लिहिलं, "कोणी नाही, जन्मजात." तुझी वहिनी म्हणाली, "मग ताईंनी इतकी वर्षं काय केलं, पंख्याने वारा घातला?"

फोन करणार होतो, पण तू म्हणतेस की फोनवर मी ऐकत नाही, नुसता बोलतो. म्हणून लिहितोय. रविवारची सुट्टी आत्ताच सांगून ठेव. लोभ आहेच, भूकही वाढव.

तुझा
मुंग्या


७ सप्टेंबर

प्रिय मुंग्या,

आशीर्वाद आणि शाबासकी. जन्मजात म्हणे! पाच वर्षांचा होईपर्यंत तू खडू खात होतास. पांढऱ्यापेक्षा गुलाबी चांगला लागतो, असं शेजाऱ्यांना सांगायचास. तेवढं मात्र तुला कोणी शिकवलं नव्हतं, हे मान्य.

बातमी वाचून फार बरं वाटलं. पण मला काही जमेलसं दिसत नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमधली माझी मदतनीस लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. पावाची नवी भट्टी आली आहे, तिचं दार नीट लागत नाही. ऐंशी माणसांचं जेवण म्हणजे पोरखेळ नाही. रविवारी मला भांडी घासूनपुसून सोमवारची तयारी करावी लागते. तू वहिनीला ने. तिची जीभ चांगली तिखट आहे, तुला रोजचा अनुभव आहेच.

इकडे सगळं ठीक. या आठवड्यात वाटाण्याचं सूप करते आहे. हिरवंगार, आणि दाट इतकं की डाव मधोमध उभा राहतो. पाव छान फुगतात, टोपलीत टाकले की पोकळ वाजतात. ज्वर गेला तो गेलाच, आता अंगात कणकणही नाही. काळजी करू नकोस.

कारखान्याची गाडी सामान घ्यायला तुझ्या बाजूला येते आहे. ड्रायव्हरजवळ खाऱ्या बिस्किटांचा डबा देते. नेहमीसारखीच झालीत. पातळ, कडेने तांबूस, आणि मोडली की काडीसारखी कटकन वाजतात.

तुझी
ताई


११ सप्टेंबर

ताई,

चूक झाली. एकदम मान्य. कान पकडलेत, फक्त पत्रात दिसत नाहीत.

डबा मंगळवारी मिळाला. ड्रायव्हर समोर असतानाच मी एक बिस्किट तोंडात टाकलं आणि चावायचा थांबलो. मिठाचा कणही नाही. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. डबाभर अळणी! आणि वर तुझ्या हातची ओळ, "नेहमीसारखीच झालीत."

आपल्या घरात अळणी म्हणजे काय, हे मला विसरून कसं चालेल? आई रागावली की एक शब्द बोलायची नाही. जेवण मात्र अळणी यायचं. बाबा पहिला घास घ्यायचे, डाव्या हाताने चष्मा काढायचे आणि आपल्या दोघांकडे बघून विचारायचे, "कोणी काय केलं?" मग जो खाली बघेल तो चोर. तू कधी खाली बघितलं नाहीस. नेहमी मीच.

आजही मीच बघतोय. "कोणी नाही, जन्मजात" असं लिहिलं, तो निव्वळ वाह्यातपणा होता. शाळेतून आलो की तू मला ओट्याजवळ स्टुलावर उभं करायचीस, रुमाल बांधायचीस आणि चमचा तोंडात घालायचीस. "सांग, काय जास्त झालंय?" मी चुकलो की तू हसायची नाहीस, पुन्हा चमचा द्यायचीस. खडू खाणाऱ्या पोराला तू माणसात आणलंस, आणि मी अर्जात लिहितो, कोणी नाही.

काल दुकान अर्धा तास बंद करून महोत्सवाच्या कचेरीत गेलो. बाईंनी अर्ज काढून दिला. मी खोडलं आणि लिहिलं, "थोरली बहीण." बाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी आलात?" म्हटलं, "घरून अळणी बिस्किटं आली आहेत." त्यांना काही कळलं नाही.

आता राग सोड आणि ये. तू नसशील तर मला त्या टेबलावर बसण्यात रस नाही. आपण दोघांनी जायचं होतं. तुझी वहिनी स्वतःच म्हणते, "मला कसलं नेता? ताईंना आणा."

तुझा अपराधी
मुंग्या

ता. क. बिस्किटं संपवली. चीज लावून.


१५ सप्टेंबर

प्रिय मुंग्या,

हो, रागावले होते. आता राग गेला. अर्ज सुधारलास ते बरं केलंस.

पण मी येणार नाही. कामाचं मी मागे लिहिलंच आहे. पुन्हा पुन्हा विचारू नकोस, माझा जीव उगाच कातावतो. वहिनीला घेऊन जा, पोटभर खा आणि मला सगळं सविस्तर लिही. कशात काय होतं, कसं लागलं, ते सगळं.

ताई


२२ सप्टेंबर

ताई,

परवा आणि काल, दोन्ही दिवस महोत्सवात होतो. तू सविस्तर लिही म्हणालीस, म्हणून क्रमाने लिहितो. शेवटी एक गोष्ट आहे, ती आधी वाचू नकोस.

जागा म्हणजे जुनी ट्राम दुरुस्तीची शेड. रूळ अजून जमिनीत आहेत, त्यामुळे निम्मे लोक घास तोंडात आणि पाय रुळात अशा अवस्थेत. मी खिशात आपला चमचा घेऊन गेलो होतो. तिथे कागदी चमचे देतात, त्यांना कागदाची चव असते. तुझी वहिनी माझ्यापासून दहा पावलं लांब चालत होती. म्हणाली, "खिशातून चमचा काढणाऱ्या माणसाला मी ओळखत नाही."

सुरुवातीलाच एका मोठ्या आचाऱ्याचं ताट घेतलं. सायकलच्या चाकाएवढं ताट, मधोमध शर्टाच्या बटणाएवढं बीट, भोवती पांढरे ठिपके. मी शिंकलो असतो तर जेवण संपलं असतं. पण खरं सांगतो, ते बटण जिभेवर ठेवलं आणि मी बोलायचाच थांबलो. आधी माती, मग गोड, मग अगदी शेवटी संत्र्याच्या सालीसारखं कडसर काहीतरी. तुझी वहिनी म्हणाली, "आचाऱ्याचे आभार माना, घरात एवढी शांतता कधी नसते."

मग धुरी दिलेलं लोणी. त्या रांगेत मी तीनदा उभा राहिलो. तिसऱ्या वेळी ओळखू येऊ नये म्हणून चष्मा बदलून गेलो. लोणीवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "ही फ्रेम जास्त शोभते," आणि पावावर लोणी लावून दिलं. एक मधवाला होता. एकाच पेटीतल्या मधमाश्या, एकच शेत, पण दर महिन्याचा मध वेगळ्या बाटलीत. जूनचा नुसता गोड होता, ऑगस्टचा घशाला टोचला. अळंबीवाल्याशी माझं भांडण झालं आणि मैत्रीही झाली. एकंदरीत मी इतका सुखात होतो की स्वतःचीच लाज वाटली. प्रत्येक घासाला वाटत होतं, तू असतीस तर काय म्हणाली असतीस.

काल दुपारी एका मीठवाल्या बाईंच्या टेबलापाशी आलो. साठीच्या असतील. काचेच्या अकरा वाट्यांत अकरा प्रकारचं मीठ. त्या आधी मीठ देत नाहीत. आधी पावाचा एक तुकडा देतात, मुद्दाम बिनमिठाचा. "हे खा, म्हणजे मीठ काय करतं ते कळेल." मी खाल्लं आणि माझा चेहरा पडला असावा. म्हणाल्या, "काय झालं? बाकीचे लोक हसतात." मग मी त्यांना सगळं सांगितलं. आईचं, बाबांचं, तुझ्या डब्याचं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमची आई अळणी करायची, तेव्हा बाकी स्वयंपाक कसा असायचा?"

म्हटलं, "उत्तम. मीठ तेवढं नसायचं."

"मग ती चाखून बघत असणार. रागाने अळणी करणारी बाईसुद्धा आधी चाखते, नेम बरोबर लागला की नाही ते बघायला. तुमच्या बहिणीने चाखलं होतं का?"

मी तिथेच रुळावर बसलो. तुझी वहिनी दहा पावलांचं अंतर मोडून धावत आली. तिला वाटलं, लोणी बाधलं.

ताई, माझ्या दुकानात महिन्यातून एखादं गिऱ्हाईक असं येतं, ज्याची नजर गेलेली असते पण त्याला ते कबूल करायचं नसतं. ते तक्ता पाठ करून येतं. शेवटची ओळ घडाघडा म्हणतं. मग मी गुपचूप दुसरा तक्ता लावतो, आणि ते पुन्हा तीच ओळ म्हणतं. मला राग येत नाही. मी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसतो.

काल घरी आल्यावर तुझी पत्रं काढली. मार्चमधल्या पत्रात तू लिहिलंयस, "जायफळ फार पुढे पुढे करत होतं, दूध घालून त्याला गप्प बसवलं." एप्रिलमध्ये लिंबाच्या सालीवर अर्धं पान आहे. मग जूनमध्ये तुला ज्वर आला. त्यानंतरच्या पाच पत्रांत सूप हिरवंगार आहे, पाव पोकळ वाजतो, बिस्किट कटकन मोडतं. रंग आहेत, आवाज आहेत. वास एकही नाही. चव एकही नाही. तू तक्ता पाठ म्हणते आहेस.

माझा अंदाज चुकीचा असेल तर मला अळणी डबे पाठव, दहा पाठव. बरोबर असेल तर एवढंच लिहितो. जोडीच्या टेबलावर एकाने चाखायचं असतं आणि दुसऱ्याने बघायचं. मी आज सकाळी कचेरीत फोन केला होता. बाई म्हणाल्या, शनिवारपर्यंत अदलाबदल करता येते. मी पट्टी बांधतो. रुमाल बांधून चमच्याची वाट बघायची मला लहानपणापासून सवय आहे. तू बघ. ताट नुसतं बघून त्याच्या आचाऱ्याचा स्वभाव सांगणारी दुसरी बाई मला माहीत नाही.

पत्र तुमच्या ड्रायव्हरजवळ देतो आहे. अजून कचेरीला कळवलेलं नाही. तू हो म्हणालीस तरच कळवीन.

मुंग्या


२५ सप्टेंबर

प्रिय मुंग्या,

तुझा अंदाज बरोबर आहे. काल दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सांगितलं. ज्वरात वासही गेला आणि जिभेचंही बरंचसं गेलं. डोळे मिटले तर मला मीठ आणि साखर यांतला फरक कळत नाही. त्या म्हणाल्या, परत येईल, पण कधी ते सांगता येत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चार गोष्टी हुंगायला सांगितल्या आहेत. लिंबू, लवंग, कॉफी आणि गुलाब. आज लिंबाशी काहीतरी हललं. की लिंबू दिसत होतं म्हणून तसं वाटलं, कोण जाणे.

मी रागावले नव्हते रे. तुझं कान पकडलेलं पत्र आलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बिस्किटांत मीठच नव्हतं. मी पीठ मळताना मीठ घातलं की नाही, हे मला कधी आठवावंच लागलं नाही. इतकी वर्षं जीभ आठवण करून द्यायची. पत्र वाचलं आणि मनात आलं, बिस्किटांत नाही, तर सुपात तरी आहे का? आणि तू मला राग नावाचं आयतं पांघरूण दिलं होतंस. मी ते ओढून घेतलं. खोटं बोलले. आयुष्यात पहिल्यांदा मी खाली बघितलं, पण तू समोर नव्हतास.

भीती एकच होती. चव नसलेल्या बाईच्या हातात डाव कोण ठेवील? साहेबांना कळलं तर खुर्चीत बसवून पावत्या लिहायला लावतील. तुझ्या टेबलाला नाही म्हणाले, तेही त्याचमुळे. बारा जोड्यांसमोर घास तोंडात घालून मी काय सांगणार होते? मऊ आहे?

आता कारखान्यातलं ऐक. तुझं पत्र मंगळवारी आलं. बुधवारी मी सूप वाढलं आणि पहिल्यांदाच आत न जाता खिडकीशी उभी राहिले. आमच्या माणसांनी ताटं घेतली, बसले, आणि सगळ्यांचे हात एकाच वेळी शर्टाच्या खिशात गेले. ऐंशी माणसं, ऐंशी कागदाच्या पुड्या! चिमूट काढली, भुरभुरली, पुडी परत खिशात. कवायत असावी तशी. कारखान्याच्या भट्टीवाल्याने तर माझ्याकडे पाठ करून मीठ टाकलं, म्हणजे मला दिसू नये.

मी क्रेनवाल्याला गाठलं. तो खोटं बोलत नाही, त्याला तेवढं बोलायचा कंटाळा असतो. विचारलं, "हे कधीपासून?" म्हणाला, "जुलैपासून, बाई. मला वरून सगळं दिसतं. कधी मीठ नसतं, कधी दोनदा असतं. दोनदा असलं की पाणी पितात."

"मग मला सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? तुम्ही आजारातून उठलात आणि दुसऱ्या दिवशी कामावर आलात. सूप दाट असतं, पाव गरम असतो. मीठ काय, खिशात मावतं."

मुंग्या, मी कोठारात जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि सरळ साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, टेबलाचा खण उघडला आणि आपली पुडी बाहेर काढून ठेवली.

आता ठरलंय ते असं. रोज पावणेबाराला एक माणूस पाळीपाळीने चाखायला येतो. आज क्रेनवाला होता, "ठीक" म्हणाला. उद्या भट्टीवाला आहे. त्याचं काही खरं नाही, तो दिवसभर घाम गाळतो, त्याला समुद्रही अळणी लागेल. पण डाव माझ्या हातात आहे. आणि खरं सांगू? कालपासून मी पुन्हा गुणगुणते आहे. मदतनीस परत आली, तिने दारातच ओळखलं.

हे पत्र ड्रायव्हरजवळच देते आहे, शनिवारच्या आत कचेरीला कळव. पट्टी तू बांध, मी बघते. मात्र माझं सगळं बोलणं ऐकून घ्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. ताट आधी मला दोन्ही बाजूंनी बघू दे. कापलेल्या कडेवरून सुरी कळते, चमच्याने ढकललं की आच कळते. उरलेलं तुझ्या जिभेकडे. खडूच्या वेळी होती तशी प्रामाणिक ठेव.

रविवारी सकाळी सव्वासातच्या बसने निघते आहे, दहापर्यंत स्टँडवर पोहोचते. हिरवी साडी असेल. वहिनीला म्हणावं, मी पण खिशात चमचा घेऊन येणार आहे, तेव्हा तिने आता वीस पावलं लांब चालावं. बिस्किटांचा नवा डबा आणते. यावेळी पीठ मळताना मीठ मोजून घातलंय आणि क्रेनवाल्याने पहिलं बिस्किट खाऊन डबा बंद केलाय. तरीही सोबत एक पुडी असेल.

ते बीटचं बटण मला दाखव. ते लोणी मला दाखव. कसं लागतं ते तू सांगायचं, अर्धं पान होईल एवढं. आणि टेबलावर पहिलं ताट आलं की घास घे, बाबांसारखा जरा थांब, आणि मला विचार, "कोणी काय केलं?"

मी वर बघून सांगेन.

तुझी
ताई